रानटी गॅसचं बारसं

सोड्याची बाटली उघडली की ‘फस्स’ करून जो वायू पळतो ना, त्याचं एक जुनं, भारदस्त नाव आहे: गॅस सिल्व्हेस्त्रे. म्हणजे रानातला, रानटी गॅस! आता बिचाऱ्या सोड्यात कसलं आलंय रान?

हे नाव ठेवलं यान बाप्टिस्ट व्हान हेल्मोंट यांनी. हे ब्रुसेल्सचे वैद्य, सुमारे चारशे वर्षांपूर्वीचे. त्यांनी म्हणे ६२ पौंड ओकचा कोळसा जाळला आणि राख उरली अवघी १ पौंड. मग बाकीचे ६१ पौंड गेले कुठे? (खरं तर निसटलेला वायू त्याहून कितीतरी जास्त भरला असता, कारण जळताना कोळसा हवेतला ऑक्सिजनही ओढून घेतो. पण ऑक्सिजनचा पत्ता तेव्हा होता कुणाला!) हेल्मोंट म्हणाले, हे जे उडून गेलं ते साध्या हवेपेक्षा वेगळं आहे. कोंडायला जावं, तर भांडंच फुटतं. म्हणून रानटी!

आणि ‘गॅस’? हा शब्दही त्यांनीच घडवला, ग्रीक ‘खाओस’वरून. खाओस म्हणजे सृष्टीच्या आधीचा, ना आकार ना उकार असा पसारा. डच लोक ‘ग’ घसा खाकरल्यासारखा उच्चारतात, म्हणून खाओसचा झाला गॅस. ‘गॅस बारीक कर रे’ असं आजी ओरडते, तेव्हा तीही थोडं ग्रीकच बोलते! हेल्मोंटनी ‘ब्लास’ असाही एक शब्द काढला होता, ताऱ्यांच्या ज्या शक्तीनं वारे हलतात असं त्यांना वाटे, तिच्यासाठी. तो मात्र कुणी उचलला नाही.

हाच रानटी गॅस आंबणाऱ्या द्राक्षरसातून निघतो. इटलीत नेपल्सजवळच्या ‘कुत्र्याच्या गुहे’तही तो आहे. तिथे उभा माणूस ठणठणीत, शेजारचं कुत्रं मात्र धाडकन बेशुद्ध! कारण हा वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचून राहतो. पाहुण्यांना गंमत दाखवायला वाटाडे मुद्दाम कुत्रं आत न्यायचे. दुष्टच मेले!

आपण त्याला म्हणतो कार्बन डायऑक्साइड. घरी बनवायचाय? बाटलीत दोन लिंबं पिळा, फुग्यात चमचाभर खायचा सोडा भरा, फुगा बाटलीच्या तोंडावर घट्ट ओढा आणि वर उचलून धरा. सोडा खाली सांडला की रस फसफसतो आणि फुगा बाळसं धरतो. फुग्याऐवजी झाकण मात्र लावू नका हं. हेल्मोंटांच्या भांड्यांचं काय झालं, ते वाचलंत ना?