घोट्याच्या करारापासून डॅलसपर्यंत : गोल्डन स्टेट वॉरियर्सचा वेतनखर्च, 2012 ते 2024

अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये संघाच्या एकूण वेतनावर ‘सॅलरी कॅप’ ही मर्यादा असते. मात्र आपल्याच जुन्या खेळाडूशी नवा करार करताना ती ओलांडण्याची मुभा असते आणि बॉस्टनच्या लॅरी बर्डवरून या सवलतीला ‘बर्ड राइट्स’ म्हणतात. कॅपच्या बऱ्याच वर आणखी एक रेषा असते, जिच्यापलीकडील खर्चावर मालकाला ‘लक्झरी टॅक्स’ भरावा लागतो आणि वर्षानुवर्षे ती ओलांडणाऱ्या संघाला त्याचा दर अधिक चढा लागतो. या नियमांच्या चौकटीत पाहिले, तर वॉरियर्सने विजेतेपदे पैशाच्या बळावर विकत घेतली, हा रूढ समज टिकत नाही.

या कथेचा उगम एका दुखऱ्या घोट्यात आहे. स्टीफन करी 2011-12 च्या 66 सामन्यांच्या हंगामात अवघे 26 सामने खेळला आणि त्याच्या उजव्या घोट्यावर पुन्हा शस्त्रक्रिया झाली, तेव्हा तो पाय पुढे साथ देईल याची खात्री कोणालाच नव्हती. म्हणूनच 2012 च्या ऑक्टोबरात चार वर्षांसाठी 4 कोटी 40 लाख डॉलरचा करार दोन्ही बाजूंना मान्य झाला. 2015 आणि 2016 मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तरी वेतन तेच राहिले. त्यातच प्रक्षेपण हक्कांच्या नव्या करारामुळे 2016 मध्ये कॅप 7 कोटींवरून 9 कोटी 41 लाखांवर गेली (ही वाढ टप्प्याटप्प्याने करण्याचा प्रस्ताव खेळाडूंच्या संघटनेने नाकारला होता) आणि त्या मोकळ्या जागेत केविन ड्युरांट आला. त्या वर्षी करी वेतनात स्वतःच्याच संघात चौथा होता.

खरा खर्च नंतरचा. 2017 मध्ये करीला पाच वर्षांसाठी 20 कोटी 10 लाख डॉलर मिळाले, 2017 आणि 2018 ची विजेतेपदे आली, पण 2019 च्या अंतिम मालिकेत ड्युरांटची टाच आणि क्ले थॉम्पसनचा गुडघा निकामी झाला. थॉम्पसन लंगडत असतानाच त्याच्याशी पाच वर्षांचा 19 कोटींचा करार झाला, हा या कालखंडातील सर्वांत मोठ्या मनाचा निर्णय मानावा लागेल, कारण पुढचे दोन हंगाम तो एकही सामना खेळला नाही आणि त्यातल्या पहिल्यात संघ 15 जिंकून 50 हरला. 2021-22 मध्ये कराचाच बोजा 17 कोटींच्या घरात गेला. जानेवारीत थॉम्पसन परतला आणि जूनमध्ये बॉस्टनला 4-2 ने नमवून संघाने चषक जिंकला.

2023 च्या सामूहिक करारात ‘सेकंड अ‍ॅप्रन’ ही आणखी वरची रेषा आली, जिच्यापलीकडे गेलेल्या संघाला नुसता कर भरून सुटता येत नाही, तर अनेक खेळाडूंचे वेतन एकत्र करून अदलाबदल करण्याची मुभाही गमवावी लागते. 2023-24 मध्ये 17 कोटींहून अधिक कर भरूनही संघ पश्चिम विभागात दहावा राहिला आणि प्लेऑफच्या उरलेल्या जागांसाठीच्या ‘प्ले-इन’ फेरीत सॅक्रामेंटोकडून हरला. त्या सामन्यात थॉम्पसनचे दहाच्या दहा फटके चुकले आणि त्याच उन्हाळ्यात तो तीन वर्षांच्या 5 कोटींच्या करारावर डॅलसला गेला.