पिलांखाली काय पसरावे?

कोंबडीची पिले नाजूक असतात. त्यांना ओल सोसत नाही. ओलीत रक्ती हगवण बळावते आणि पिले पटापट दगावतात. म्हणून परसातल्या खुराड्यात आपण कोरडे तूस पसरावे. थर दोन इंचांचा असावा. भाताचे तूस नसेल तिथे शेंगांची टरफले कुटून घ्यावी. लाकडाचा बारीक भुसा नको. पिले तो दाणा समजून खातात. नुसता गुळगुळीत कागदही नको. त्यावर पाय घसरून फाकतात.

तूस रोज हलवा. आम्ही एक सोपी परीक्षा सांगतो. मूठभर तूस दाबून पाहा. त्याचा गोळा झाला, तर ओल आहे समजा. तेवढे काढा, कोरडे घाला. काढलेले तूस खड्ड्यात कुजवा. शेताला चांगले खत होईल.