पेशींनाच दिलेली शिकवण

कर्करोगाच्या पेशी आपल्याच शरीरातल्या असल्याने रोगप्रतिकारक टी-पेशींना त्या सहसा ओळखू येत नाहीत. ही ओळख पटवून देणारा उपचार म्हणजे ‘कार-टी’. अमेरिकेत त्याला पहिली मान्यता २०१७ मध्ये मिळाली. पण खर्च कोट्यवधी रुपयांच्या घरात.

भारतात हा उपचार विकसित करण्याचं काम हाती घेतलं ‘इम्युनोॲक्ट’ या नवउद्योगाने. आयआयटी मुंबईतले प्रा. राहुल पुरवार यांच्या संशोधनातून तो उभा राहिला आणि टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी रुग्णांवरच्या चाचण्या केल्या.

उपचार होतो असा: रुग्णाचं रक्त यंत्रातून फिरवून टी-पेशी वेगळ्या काढतात, उरलेलं रक्त परत शरीरात सोडतात. प्रयोगशाळेत, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने या पेशींमध्ये नवं जनुक घालतात. त्यामुळे कर्करोग झालेल्या बी-पेशींवरचं (याही रोगप्रतिकारक पेशीच) ‘सीडी१९’ हे प्रथिन टी-पेशींना नेमकं हेरता येतं. मग त्यांची संख्या वाढवून त्या सलाइनप्रमाणे शिरेतून परत देतात.

मात्र ‘सीडी१९’ निरोगी बी-पेशींवरही असतं, त्यामुळे त्याही मारल्या जातात आणि संसर्गाचा धोका वाढतो. शिवाय तीव्र ताप येऊ शकतो, रक्तदाब घसरू शकतो. म्हणून रुग्णावर बारीक लक्ष ठेवावं लागतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये इम्युनोॲक्टच्या ‘नेक्सकार१९’ या कार-टी उपचाराला देशात मान्यता मिळाली, तीही ठरावीक रक्तकर्करोगांपुरती. परदेशाच्या मानाने खर्च बराच कमी, तरीही तो लाखांतच. त्यामुळे सामान्य घरांसाठी विम्याचा आणि सरकारी मदतीचा प्रश्न अजून सुटायचाच आहे.