डिचोलीच्या चुलीवर पॅरिसचे सार

फ्रेंच जेवण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राजेरजवाड्यांचा थाट उभा राहतो. आमच्या कोल्हापुरासारख्या संस्थानी गावात वाढलेल्या माणसाला तर विलायती खाना म्हणजे पांढरीशुभ्र मेजे, काट्याचमच्यांची रांग आणि अदबीने उभा असलेला खानसामा, असेच वाटत आलेले. माझा हा समज गेल्या पावसाळ्यात मोडला. आणि तो पॅरिसमध्ये नव्हे, तर गोव्यातील डिचोली तालुक्यात, एका मातीच्या चुलीपुढे मोडला.

त्याचे असे झाले. माझी थोरली बहीण, आमची आक्का, लग्न होऊन डिचोलीकडे गेली. तिकडचा संसार बराचसा खाणींच्या जिवावर चाललेला. तिच्या मुलानेही कर्ज काढून खनिज वाहण्याचा ट्रक घेतला होता. २०१२ साली गोव्यातील खाणी बंद पडल्या. पुढे काही सुरू झाल्या, तर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. ट्रक विकावा लागला. मुलगा पेडणे तालुक्याच्या किनाऱ्यावर गेला आणि परदेशी पाहुण्यांच्या एका फ्रेंच भोजनगृहात आधी भांडी घासू लागला, मग कांदे चिरू लागला, आणि चार-पाच हंगामांत तिथला स्वयंपाकी झाला. आक्काला हे मुळीच रुचले नाही. "घरात कधी पाण्याचा तांब्या उचलला नाही, आणि आता परक्यांना रांधून वाढतोय!" असे ती म्हणे. त्याच्या हातचा घास तिने कधी घेतला नव्हता.

मी मात्र एका हिवाळ्यात मोरजी, आश्वे, मांद्रे असा किनारा हिंडत त्याच्याकडे जाऊन जेवलो. त्याने शिनाणे वाढले. काळ्या शिंपल्यांतले हे शिनाणे आपली माणसे खोबऱ्यात परततात किंवा रवा लावून तळतात. याने पातेल्यात लोणी, लसूण आणि पेलाभर पांढरी वाइन घातली, शिनाणे टाकले, झाकण ठेवले. चार-पाच मिनिटांत शिंपले उघडले. जे उघडले नाहीत ते त्याने टाकून दिले. संपला स्वयंपाक! मी म्हटले, "एवढेच?" तो हसून म्हणाला, "मामा, ही राजाची पंगत नव्हे. ही खाणावळ आहे."

ते खरेच आहे. पॅरिसमधील 'बिस्त्रो' म्हणजे मध्यमवर्गीयांची व कष्टकऱ्यांची लहानशी खाणावळ. १८१४ साली पॅरिसमध्ये शिरलेले रशियन शिपाई 'बिस्त्रा, बिस्त्रा', म्हणजे 'लवकर, लवकर', असे ओरडत, त्यावरून हा शब्द आला अशी आख्यायिका सांगतात. पण छापील मजकुरात तो १८८४ च्या आधी आढळत नाही, त्यामुळे जाणकार ती मानीत नाहीत. तिथले पदार्थ मात्र गरिबीतून आलेले, यात शंका नाही. म्हातारा कोंबडा मऊ व्हावा म्हणून तो वाइनमध्ये तासन् तास शिजवायचा. हाडे उकळून त्यांचा रस काढायचा. शिळा पाव सारात घालायचा. पॅरिसच्या मध्यभागी 'ले आल' नावाची मोठी मंडई होती. १९६९ साली ती शहराबाहेर हलविली गेली. तिथे रात्रभर ओझी वाहणारे हमाल पहाटे कांद्याचे सार पिऊन अंगात ऊब आणीत. तेच सार शिकायचे मी ठरविले.

पावसाळ्यात किनाऱ्यावरची हंगामी भोजनगृहे मिटलेली असतात, म्हणून भाचा घरी आला होता. मीही तिलारी घाट उतरून दोडामार्गावरून डिचोलीला पोहोचलो. आक्काने पहिल्याच दिवशी बजावले, "माझ्या चुलीवर दारू चढायची नाही." भाचा म्हणाला, "नको तर नको. सार तिच्यावाचूनही होते."

त्याने माझ्यापुढे किलोभर कांदे ठेवले. ते पातळ उभे चिरून जाड बुडाच्या पातेल्यात लोण्यावर टाकले, चिमूटभर मीठ घातले आणि आच अगदी मंद केली. कोल्हापूरकराचा हात! दहा मिनिटांत मी लाकूड पुढे सारले. भाच्याने ते मागे ओढले. कांद्यात नऊ दशांश पाणीच असते. ते आधी सावकाश आटले पाहिजे, मग त्यातील साखर रंग धरते. घाई केली तर कडा जळतात आणि सार कडू होते. अन्न असे तांबूस का होते, याची रासायनिक उकल मेलार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केली. पण हमालांना सार पाजणाऱ्या बायांना ती आधीपासून हाताने ठाऊक होती. तासाभराने किलोभर कांद्याचा वाडगाभर, तपकिरी, मधासारखा गोळा झाला. त्यावर चमचाभर मैदा परतून हाडांचा रस ओतला. हा रस म्हणजे दुसरे काही नव्हे, आपण तांबड्या-पांढऱ्या रश्श्याआधी काढतो ती अळणीच!

पावाची अडचण नव्हती. पेडणे आणि डिचोली हे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांकडे गेले, म्हणून त्यांना 'नव्या काबिजादी' म्हणतात. जुन्या काबिजादींइतका पोर्तुगीज स्वयंपाक इथल्या हिंदू घरांत शिरला नाही. पाव मात्र शिरला. दोन दिवसांचे शिळे उंडे कापून, भाजून सारावर ठेवले, वर चीज किसले. आता ते वरून भाजायचे कसे? घरात भट्टी नाही. आम्ही मामा-भाचे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

तेव्हा इतका वेळ दाराशी उभी असलेली आक्का पुढे आली. तिने लोखंडी झाकण ठेवले आणि चिमट्याने त्यावर करवंटीचे निखारे रचले. "शेजारच्या बाईची बेबिंका अशीच होते," एवढेच म्हणाली. दहा मिनिटांनी झाकण उचलले तर वरचा थर सोनेरी झाला होता.

बाहेर पाऊस कोसळत होता. भाच्याने पहिली वाटी आईपुढे ठेवली आणि तो चुलीकडे तोंड करून उगाच निखारे सारू लागला. आक्काने एक घोट घेतला, मग दुसरा. "मीठ बरोबर पडलंय," ती म्हणाली. थोड्या वेळाने विचारले, "किनाऱ्यावर रोज एवढा वेळ उभा राहतोस?" तो "हो" म्हणाला. तिने वाटी संपविली आणि त्याला बसायला पाट सरकवला.

वाचकांनी हे सार जरूर करून पाहावे. चौघांना किलोभर कांदे, मूठभर लोणी, दीड लिटर अळणी आणि शिळा पाव पुरतो. फक्त तासभर चुलीपाशी उभे राहण्याची तयारी हवी. आणि पहिली वाटी कोणाला द्यायची, हे आधी ठरवून ठेवावे.