मदतीची तयारी आधीच हवी

2020 मध्ये कोरोनाच्या काळात पुण्याच्या आझम कॅम्पसमधील मशिदीचा पहिला मजला विलगीकरणासाठी देऊ करण्यात आला. अशी जागा ऐन संकटात उभी राहत नाही. महाराष्ट्र कॉस्मोपॉलिटन एज्युकेशन सोसायटीने तिथे शाळा, युनानी व दंत महाविद्यालये वर्षानुवर्षे उभी केली, म्हणून ती हाताशी होती.

पिंपळे सौदागरसारख्या नव्या वस्तीत नोकरीसाठी आलेल्या कुटुंबांचे नातलग दूर असतात. आजारपणात, मयतीच्या वेळी संस्थाच आधार होतात. तेव्हा जकात देताना जरूर विचारा: ती हकदारांपर्यंत पोहोचते का? धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का? दरवर्षी लेखापरीक्षण होते का? हिशेब मागणे म्हणजे अविश्वास नव्हे, ती अमानतीची राखण आहे. आणि पैशाबरोबर महिन्याचे दोन तासही द्या.