लिटरला किती किलोमीटर, की टनाला किती लिटर?

जबलपूर येथील कांचघर परिसरापासून जवळच असलेल्या गन कॅरेज फॅक्टरीत १९५९ मध्ये जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या परवान्याखाली ‘शक्तिमान’ ट्रकची निर्मिती सुरू झाली. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या व्हेइकल फॅक्टरीकडे हे काम पुढे गेले. १९९० च्या दशकात शक्तिमानची जागा ‘स्टॅलियन’सारख्या नव्या वाहनांनी घेतली.

नवा ट्रक लिटरमागे जुन्याइतकेच अंतर कापतो, मग सुधारणा कोठे झाली, असा प्रश्न शेतमालाच्या वाहतुकीत नेहमी विचारला जातो. जुन्या इंजिनात डिझेलचा पुरवठा यांत्रिक पंपाद्वारे होत असे. आजच्या कॉमन रेल प्रणालीत उच्च दाबाखाली, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने डिझेल फवारले जाते आणि टर्बोचार्जर अधिक हवा पुरवतो. त्यामुळे ज्वलन अधिक परिपूर्ण होते. मात्र ही बचत बहुतांशी अधिक भार व अधिक वेग यांच्या कामी येते. २०१८ मध्ये दोन आसांच्या ट्रकची भारासह वजनमर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टन करण्यात आली. वेग ताशी ६० वरून ८० किलोमीटर झाल्यास हवेचा विरोध सुमारे पावणेदोन पट होतो.

म्हणून खरे माप टनामागे लागणाऱ्या डिझेलचे आहे. जबलपूरचा हिरवा वाटाणा सुमारे २७० किलोमीटरवरील नागपूरला पाठवायचा आहे, असे समजू.

• जुना ट्रक : ५ टन माल, लिटरला ४.५ किलोमीटर. डिझेल ६० लिटर, म्हणजे टनामागे १२ लिटर.
• नवा ट्रक : १० टन माल, ॲव्हरेज तेवढेच. टनामागे ६ लिटर.
• तोच नवा ट्रक, पण माल केवळ ४ टन : लिटरला ५.४ किलोमीटर. डिझेल ५० लिटर, म्हणजे टनामागे १२.५ लिटर.

अर्धवट भरलेला नवा ट्रक जुन्यापेक्षाही महाग पडतो. परतीची फेरी रिकामी झाल्यास हा खर्च आणखी वाढतो. एक लिटर डिझेल जळल्यावर सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हेही लक्षात घ्यावे.

शेतकरी गटांनी तोडणीचे दिवस जुळवून एकत्रित भरणा करावा, परतीचा माल आधीच ठरवावा आणि प्रत्येक फेरीचे डिझेल, वजन व अंतर नोंदवावे. विस्तार कार्यकर्त्यांनी ही नोंदवही गटांच्या बैठकीत आवर्जून मांडावी. टायरमधील हवेचा दाब व एअर फिल्टरची स्वच्छता यांकडे जुन्या-नव्या दोन्ही ट्रकांत सारखेच लक्ष हवे.