प्रशिक्षणाची निविदा भरण्यापूर्वी

तेंदूपानांचा लिलाव, बांबूचा ठेका, धान्याचा पुरवठा! चंद्रपूर-गडचिरोलीतील आपल्या व्यापारी घराण्यांना निविदेची भाषा पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. आता घरातील नव्या पिढीचे लक्ष एका निराळ्या कामाकडे वळते आहे. ते काम म्हणजे शासनाच्या वतीने बेरोजगार तरुणांना कौशल्य प्रशिक्षण देणे.

या कामाचा व्याप लहान नाही. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी गरिबांना प्रशिक्षण देऊन रोजगारास लावण्याचे कार्य महानगरपालिका व नगरपरिषदांच्या कक्षेत आले. ग्रामीण भागासाठी १९ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यात ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचे उद्घाटन झाले. प्रत्यक्ष शिकवण्याचे काम बहुधा प्रशिक्षण संस्थांकडे सोपवले जाते आणि तेथेच निविदेचा प्रश्न येतो.

मालाच्या निविदेत माल गोदामात पोहोचला, तोलला गेला की देयक तयार होते. प्रशिक्षणाचा हिशेब इतक्या लवकर मिटत नाही. केंद्र शासनाने जुलै २०१५ मध्ये अधिसूचित केलेल्या सामायिक निकषांनुसार तुकडी सुरू झाल्यावर ३० टक्के, उमेदवार परीक्षेत उत्तीर्ण होऊन प्रमाणपत्र मिळाल्यावर ५० टक्के आणि उर्वरित २० टक्के रोजगार मिळाल्यावर देय ठरतात. प्रमाणपत्रधारकांपैकी ७० टक्के कामाला लागले तर शेवटचा हप्ता पूर्ण मिळतो. ५० टक्क्यांहून कमी लागले तर तो मिळतच नाही. प्रत्येक निविदेच्या अटी स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात, परंतु सूत्र साधारण हेच असते.

एक उदाहरण घेऊ. शंभर उमेदवार, प्रत्येकी पंधरा हजार रुपये, म्हणजे एकूण पंधरा लाखांचे काम. खर्च तेरा लाख धरला तर कागदावर दोन लाखांचा नफा दिसतो. सर्व जण उत्तीर्ण झाले, पण निम्म्यांनाही नोकरी लागली नाही, तर हाती येतात बारा लाख. नफा दूरच, एक लाखाची तूट येते. शिवाय देयक मंजूर होईपर्यंत शिक्षकांचे वेतन, जागेचे भाडे आणि वसतिगृहाचा खर्च स्वतःच्या भांडवलातून भागवावा लागतो. बयाणा व सुरक्षा ठेव अडकते ती वेगळीच.

आपल्या भागाचे स्वतःचे काही हिशेबही आहेत. मे महिन्यात तेंदूपाने तोडण्याचा हंगाम असतो. त्या दिवसांत रोख मजुरी सोडून वर्गात बसणे गरीब घरातील मुलास परवडत नाही. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि हजेरी मात्र यंत्रावर बोटाच्या ठशाने मोजली जाते. माडिया बोलणाऱ्या मुलांना केवळ मराठी-हिंदीतून शिकवणारा शिक्षक अपुरा पडतो. सिरोंच्याकडे तेलुगू समजणारा लागतो. मुलींसाठी सुरक्षित निवास नसेल तर पालक त्यांना पाठवत नाहीत. हे खर्च दरात न धरता निविदा भरली तर पुढे तुकडी रिकामी राहते.

म्हणून क्रम उलटा ठेवावा. आधी नोकरी शोधावी, मग अभ्यासक्रम निवडावा आणि दर शेवटी ठरवावा. चंद्रपूर-राजुरा परिसरातील सिमेंट कारखाने, बल्लारपूरची कागद गिरणी, कोळसा खाणींची यंत्रदुरुस्ती, ताडोबाभोवतीची अतिथीगृहे यांना कोणत्या कामाची माणसे हवी आहेत, हे व्यापाऱ्याला त्याच्या रोजच्या व्यवहारातून कळू शकते. वेल्डर हवे असताना संगणक टंकलेखनाची तुकडी काढण्यात अर्थ नाही. बांबूकामाचा विचार असेल तर चिचपल्लीचे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र जवळच आहे. मात्र तयार वस्तू कोण घेणार, हे आधी ठरलेले असावे.

प्रमाणपत्र घेऊन गावी रिकामा परतलेला तरुण पुन्हा कोणत्याही वर्गात सहज येत नाही, आणि त्याच्या गावातून पुढची तुकडी भरणेही अवघड होते. ज्या गावांशी आपला तीन पिढ्यांचा उधारी-वसुलीचा संबंध आहे, तेथे हे नुकसान केवळ एका देयकापुरते उरत नाही. किमान साठ-सत्तर जागांसाठी कारखानदारांची लेखी संमती हाती येईपर्यंत शंभरांच्या तुकडीसाठी बयाणा भरू नये, हेच शहाणपणाचे.